खांदा तपासायला शिकताना : नव्या फिजिओथेरपिस्टसाठी पायरीपायरीने

ओपीडीतल्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांचं एकच होतं. पेशंट खुर्चीत टेकतो, "खांदा दुखतोय" म्हणतो, आणि आपला हात थेट त्याच्या खांद्यावर जातो. परीक्षेसाठी घोकलेल्या टेस्ट डोक्यात गर्दी करतात. आधी नीअर करू की हॉकिन्स? की एम्प्टी कॅन? पाच मिनिटांत चार टेस्ट पॉझिटिव्ह येतात, पेशंट कळवळतो, आणि नेमकं काय झालंय हे ना त्याला कळतं ना आपल्याला. मग सीनियरची वाट बघत आपण शेकाची पिशवी आणायला जातो.

हा लेख त्या पहिल्या सहा महिन्यांसाठी आहे. सांधे, स्नायू, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा), कॅप्सूल (सांध्याभोवतीची पिशवी) यांच्या दुखण्यात तपासणीचा क्रम सगळीकडे साधारण तोच असतो. म्हणून मी एकच सांधा आणि एकच पेशंट धरून चालते. एक सांधा नीट जमला की गुडघा आणि घोटा मागोमाग येतात. पेशंट अशी : वय ५२, गृहिणी, डावा खांदा ४ महिन्यांपासून दुखतोय, ६ वर्षांपासून मधुमेह. अशा काकू तुमच्या ओपीडीत या आठवड्यात येतीलच.

पायरी १ : हात मागे, कान पुढे

पहिल्या भेटीला अर्धा तास मिळाला तर त्यातला निम्मा वेळ नुसता ऐकण्यात घालवा. सरकारी ओपीडीत १० मिनिटंच मिळतात हे मला माहीत आहे. तिथे ५ ऐकण्यात घालवा.

आपण इंग्रजीत शिकतो आणि पेशंट मराठीत दुखतो, तिथेच पहिली गडबड होते. केस शीटवर "पेन" एवढा एकच शब्द पडतो आणि काकूंनी वापरलेला नेमका शब्द हवेत विरतो. आपल्या भाषेत दुखण्याला शब्द भरपूर आहेत आणि लोक ते उगाच वापरत नाहीत. "ठणकतं" म्हणणारा माणूस बहुतेक वेळा स्वस्थ बसूनही दुखतं असं सांगत असतो. सूज ताजी असण्याची शक्यता जास्त. "कळ येते" म्हणजे ठरावीक हालचालीला, नेमक्या जागी. "चमक निघाली" म्हणजे क्षणभर येऊन गेली. "मुंग्या येतात", "बधिर पडतं", "आग होते" हे ऐकलं की कान टवकारा, मज्जातंतूची चौकशी करायची आहे. "आखडलंय" म्हणणाऱ्याला वेदनेपेक्षा ताठरपणाचा त्रास जास्त असू शकतो. गुडघ्याच्या बाबतीत "दगा देतो" आणि "अडकतो" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे : पहिल्यात लिगामेंट किंवा मांडीच्या पुढच्या स्नायूचा अशक्तपणा आठवा, दुसऱ्यात मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली कूर्चेची गादी. नुसतं "वाजतं" असेल आणि दुखत नसेल तर घाबरायचं कारण नसतं, हे त्यांना लगेच सांगून टाका. कित्येक जण तेवढ्याच धास्तीने आलेले असतात.

शब्दावरून निदान करायचं नाही, दिशा पकडायची. शब्द जसाच्या तसा अवतरणचिन्हांत लिहा. पुढच्या वेळी त्यांनीच शब्द बदलला, "ठणकत नाही आता, पण आखडलंय" असं म्हणाल्या, तर ती मोठी बातमी आहे.

मग म्हणा, "कुठे दुखतं ते दाखवा." दाखवतात कसं ते बघा. खांद्याच्या सांध्याचं दुखणं असलेला माणूस सहसा तळवा दंडाच्या बाहेरच्या बाजूवर ठेवतो, डेल्टॉइड हा खांद्यावरचा स्नायू जिथे हाडाला चिकटतो तिथे. एका बोटाने खांद्याच्या टोकावर नेमकं दाखवलं तर कॉलरबोनच्या टोकाचा छोटा सांधा तपासायचा. मानेच्या बाजूपासून खांद्याच्या पाळीपर्यंत हात फिरवला तर मान. आणि हात कोपराच्या खाली, बोटांपर्यंत गेला तर नक्कीच मान बघा.

यानंतरचे प्रश्न रोजच्या कामांतून विचारा. "एक्स्टर्नल रोटेशनला त्रास होतो का" असं, म्हणजे हात बाहेर फिरवण्याबद्दल, कुणी विचारत नाही. "वेणी घालता येते का?" विचारा. त्यातच ते येतं. ब्लाउजच्या बाहीत हात घालताना, परकराची नाडी मागून सारखी करताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना, लोकलमध्ये कडी धरताना. पुरुषांना मागच्या खिशातलं पाकीट विचारा. यातलं पेशंटला सर्वांत नडणारं एक काम निवडून गोल करून ठेवा. आपल्या काकूंचं उत्तर होतं : "वेणी मुलगी घालून देते. आणि त्या कुशीवर झोपता येत नाही."

रात्रीबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारायचे. त्या कुशीवर वळल्यावर जाग येते की न वळताही? आणि दुखणं एकदा उठलं की किती वेळाने शमतं? दुसरा प्रश्न सोन्याचा आहे. डबा काढला, कळ आली आणि मिनिटभरात गेली, तर सांधा शांत आहे, मोकळेपणाने तपासा. डबा काढल्यावर रात्रभर ठणकलं तर सांधा चिडका आहे. अशा खांद्याच्या सगळ्या टेस्ट पहिल्याच दिवशी केल्या तर त्या काकू दुसऱ्या दिवशी येणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी या चिडकेपणाला तपासणीत मानाचं स्थान दिलं. आपण मात्र परीक्षेपुरतं ते पाठ करतो आणि ओपीडीत विसरतो.

शेवटी हे विचारा : "तुम्हाला काय झालंय असं वाटतं?" "गॅप आलाय", "वंगण संपलंय", "शीर दबलीय" अशी उत्तरं येतील. हसू नका. ही भीती केस शीटवर लिहा, कारण "वंगण संपलंय" असं मानणारा माणूस तुम्ही दिलेला व्यायाम करणार नाही. घासलं जाईल असं त्याला वाटत असतं.

पायरी २ : हा पेशंट आपला आहे का?

हे दोन मिनिटांत होतं, पण रोज आणि प्रत्येकाला. कारणाशिवाय वजन घटलंय? संध्याकाळी बारीक ताप येतो? पूर्वी कॅन्सर होता? रात्री कुशीचा संबंध नसताना, कोणत्याही स्थितीत दुखतं? आपल्याकडे ताप, वजन घटणं आणि पाठीच्या मणक्यावर एका जागी ठोकल्यावर दुखणं असं एकत्र आलं तर मणक्याचा क्षयरोग मनात आणायलाच हवा. कंबरेच्या पेशंटला जांघेत, बसण्याच्या जागी बधिरपणा आणि लघवी-शौचावरच्या ताब्याबद्दल विचारा. लाजू नका. तिथे उत्तर "हो" आलं तर व्यायाम नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल.

डाव्या खांद्याला आणखी एक प्रश्न : जिना चढताना दुखतं आणि थांबल्यावर थांबतं का? हात न हलवता, चालण्याच्या श्रमाने येणारं डाव्या खांद्याचं दुखणं हृदयाचं असू शकतं. मधुमेह असेल तर हा प्रश्न चुकवूच नका.

आणि खांदा जाम झालेला प्रत्येक पेशंट फ्रोझन शोल्डर (कॅप्सूल आकसून ताठरलेला खांदा) नसतो. पडलात का, फिट आली होती का, विजेचा शॉक बसला होता का, हे विचारा. फिट किंवा शॉकमध्ये खांदा मागच्या बाजूला निखळू शकतो. समोरून काढलेल्या एकाच एक्स-रेत तो सुटू शकतो, आणि हात बाहेरच्या बाजूला फिरत नाही म्हणून तो हुबेहूब फ्रोझनसारखा दिसतो. त्यावर मोबिलायझेशन (हाताने झोके देऊन सांधा मोकळा करणं) करत बसलात तर काय होईल ते सांगायला नको.

पायरी ३ : बघा

काकू दारातून आत आल्या तेव्हाच तपासणी सुरू झाली. चालताना डावा हात झुलत होता की पोटाशी धरलेला? पर्स कोणत्या खांद्यावर? खुर्चीवरून उठताना कोणत्या हाताचा आधार घेतला?

मग खांदा उघडा दिसायला हवा. इथे नवखे लाजतात आणि पदरावरूनच तपासतात. मग पाठीमागचं स्नायूंचं झिजणं दिसतच नाही. आधी काय आणि का करणार ते सांगा, परवानगी घ्या, पडदा लावा, चादर द्या, लागलं तर सोबतच्या बाईंना आत बोलवा. आणि मागून बघा. खांद्याच्या फऱ्याच्या वरच्या आणि खालच्या खळग्यातले स्नायू दोन्ही बाजूंना सारखे आहेत? डावा फरा वर उचललेला आहे?

पायरी ४ : आधी मान

खांद्याला हात लावण्याआधी मान मोकळी करून घ्या. वर, खाली, दोन्ही बाजूंना वळवणं, कान खांद्याकडे नेणं, शेवटी हलका दाब. नेहमीची कळ उठली का, एवढंच विचारायचं.

मी इंटर्न असताना ही पायरी गाळली होती. चाळिशीचे एक रिक्षावाले दादा, उजवा खांदा. मी १० दिवस इमानेइतबारे शेक आणि अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचं मशीन) दिला, पेंड्युलम (वाकून हात लोंबता झुलवणं) शिकवलं. अकराव्या दिवशी ते म्हणाले, "मॅडम, खांद्याचं राहू द्या, पण रिव्हर्स घेताना मागे बघितलं की अंगठ्यात करंट जातो." ते पहिल्या दिवशीही हेच सांगू शकले असते. मी विचारलंच नव्हतं. नियम साधा : दुखणाऱ्या सांध्याच्या वरचा आणि खालचा सांधा तपासल्याशिवाय मधल्याला हात नाही. गुडघा असेल तर कंबर आणि खुबा, विशेषतः लहान मुलांत. खुब्याचं दुखणं गुडघ्यात बोलतं.

पायरी ५ : तीन प्रकारच्या हालचाली

सगळ्या लेखात हीच पायरी सर्वांत कामाची, तेव्हा इथे जरा बसू.

लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधल्या डॉ. जेम्स सिरिॲक्स यांनी मागच्या शतकात एक साधी युक्ती मांडली. वेगवेगळ्या ऊतींवर वेगवेगळ्या रीतीने ताण आणा, जी दुखेल ती सापडेल. त्यांची सगळी अनुमानं आज जशीच्या तशी टिकलेली नाहीत, पण विचाराची चौकट नवख्यासाठी अजूनही उत्तम आहे.

पहिली, ॲक्टिव्ह : पेशंट स्वतः हात हलवतो. यात स्नायू, सांधा, भीती, सगळंच मिसळलेलं असतं. किती वर गेला, कुठे दुखायला लागलं, आणि मध्येच दुखून पुढे थांबलं का, ते बघा. साधारण ६० ते १२० अंशांच्या मधल्या पट्ट्यात दुखलं तर रोटेटर कफच्या (खांद्याभोवतीच्या चार खोल स्नायूंच्या टेंडनच्या) बाजूला संशय जातो.

दुसरी, पॅसिव्ह : पेशंट ढिला, हात तुम्ही हलवता. आता स्नायूचं काम संपलं. अडला तर कॅप्सूल किंवा सांधाच अडवतो. शेवटाला हाताला काय लागतं ते जाणवलं पाहिजे. चामड्याचा पट्टा ताणल्यासारखा घट्ट, किंचित लवचीक शेवट कॅप्सूलचा. हाडावर हाड टेकल्यासारखा कडक शेवट वेगळा. स्प्रिंगसारखा उलट फेकणारा गुडघ्यात मेनिस्कसचा. आणि जिथे हाताला काहीच अडत नाही पण पेशंट "नको नको" म्हणून हात धरतो, तो रिकामा शेवट. तिथे थांबायचं आणि का, ते शोधायचं. हे पुस्तकातून येत नाही. वर्गमित्रांचे चांगले सांधे शंभर वेळा हलवून बघा. चांगला शेवट हाताला ओळखीचा झाल्याशिवाय वाईट कळत नाही.

तिसरी, रेझिस्टेड : सांधा मधल्या स्थितीत ठेवून, तिळभरही हलू न देता, पेशंटने जोर लावायचा आणि तुम्ही तेवढाच विरोध करायचा. यात ताण स्नायू आणि टेंडनवर. जोर चांगला आणि दुखलं : टेंडनची किरकोळ इजा. जोर कमी आणि दुखलं : मोठी इजा, फाटलेलं असू शकतं, कधी हाडही. जोर कमी आणि दुखलंच नाही : पूर्ण तुटलेला टेंडन किंवा मज्जातंतू. हा शेवटचा प्रकार फसवा. दुखत नाही म्हणून पेशंटही खूश आणि आपणही.

आता काकू. टेबलावर उताणं झोपवा, कोपर अंगाशी, ९० अंशांत दुमडलेलं, कोपराखाली दुमडलेला टॉवेल. मनगट बाहेरच्या बाजूला न्या. गोनिओमीटरचा (कोन मोजायच्या दोन पट्ट्यांच्या साधनाचा) मध्य कोपराच्या टोकावर, एक पट्टी जमिनीशी काटकोनात उभी, दुसरी करंगळीच्या बाजूच्या अल्ना हाडाच्या रेषेत मनगटाकडे. उजवा ६५ अंश, डावा १५. काकू स्वतः फिरवतात तेव्हाही १५, आपण फिरवतो तेव्हाही १५, शेवट चामड्यासारखा. मग बसवून हात बाजूने वर नेताना दुसऱ्या हाताचा अंगठा फऱ्याच्या खालच्या टोकावर ठेवा. चांगल्या बाजूला सुरुवातीला खांद्याचा सांधाच जास्त फिरतो. काकूंचा फरा हात जेमतेम ५० अंशांवर असतानाच अंगठ्याखालून निसटतो, खांदा कानाकडे उचकतो. रेझिस्टेड तिन्ही दिशांना चांगलं, फारसं दुखत नाही.

म्हणजे ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह दोन्ही अडलेले, बाहेर फिरवणं सर्वांत जास्त अडलेलं, स्नायू ठीक. चित्र कॅप्सूलचं आहे. पॅसिव्ह जवळजवळ पूर्ण आणि ॲक्टिव्ह अडलेला असता, रेझिस्टेडला कळ आली असती, तर रोटेटर कफकडे वळलो असतो. एवढा एक फरक नीट पकडला तरी खांद्याचे अर्धे पेशंट सुटतात. नीअर, हॉकिन्स अजून केलेलेच नाहीत, आणि या काकूंना करायची गरजही नाही. ताठर खांद्यात त्या दुखणारच, त्यातून नवं काही कळत नाही.

पायरी ६ : चाचपणं आणि खास टेस्ट

चाचपणं मुद्दाम शेवटी ठेवलंय. आधी केलं तर जिथे दाबाल तिथे दुखेल. मान-खांद्यामधला ट्रॅपिझियस स्नायू दाबल्यावर कुणाचा दुखत नाही? आधी चांगली बाजू दाबा, मग दुखरी.

खास टेस्टबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. टेस्ट हा आधीच मनात असलेल्या संशयाला विचारलेला प्रश्न असतो. संशयच नसेल तर उत्तराचा उपयोग नाही. गुडघ्यात मात्र काही टेस्ट मनापासून शिका : पुढच्या क्रुशिएट लिगामेंटसाठी लॅकमन, गुडघा २० ते ३० अंशांत दुमडून. घोट्यात तर ऑटावाचा नियम (एक्स-रे कधी काढायचा याचा) तोंडपाठ हवा. कॅनडात १९९२ मध्ये तो मांडला गेला : घोट्याच्या भागात दुखत असताना घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर, खालच्या ६ सेंटिमीटरमध्ये किंवा टोकावर दाबून दुखलं, किंवा इजा झाल्यावर लगेच आणि आता तपासतानाही ४ पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे. पायाच्या मधल्या भागात दुखत असेल तर पाचव्या मेटाटार्सलचं (करंगळीकडच्या लांब हाडाचं) मूळ आणि नॅव्हिक्युलर (आतल्या कमानीवरचं हाड) दाबून बघायचं. पावलांची अट तीच.

पायरी ७ : एक वाक्य लिहा

उपचाराआधी केस शीटवर एक वाक्य. आपल्या काकूंचं असं : "डावा खांदा, कॅप्सूलचा ताठरपणा, मध्यम चिडका, मधुमेहासोबत; वेणी घालता येत नाही; पॅसिव्ह बाहेर फिरवणं १५ अंश." वाक्य जमत नसेल तर तपासणी पुरी झालेली नाही. परत मागे जा.

या दुखण्याला फ्रोझन शोल्डर हे नाव बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये दिलं. त्याची व्याख्या करणं, त्यावर उपचार करणं आणि ते का होतं हे सांगणं, तिन्ही अवघड आहे अशी कबुलीही त्यांनीच दिली होती. ४० ते ६० वयात, बायकांत आणि मधुमेहींत हे जास्त दिसतं. आधी दुखण्याचा काळ, मग ताठरपणाचा, मग हळूहळू सुटण्याचा. सगळं मिळून वर्ष ते तीन वर्षं. काकूंना हे पहिल्याच दिवशी सांगा. "१० दिवसांत मोकळा करून देते" म्हणालात तर अकराव्या दिवशी तोंड लपवावं लागेल.

पायरी ८ : उपचार, एका वेळी एक

पहिला मोह मशीनचा. पेशंटही मागतात : "करंट लावा ना मॅडम, मागच्या दवाखान्यात लावायचे." शेकाने स्नायू सैल होतो, बरं वाटतं, द्यायला हरकत नाही. पण अल्ट्रासाउंडच्या बाजूचा पुरावा अशा दुखण्यांत फार कमकुवत आहे, आणि मशीन लावलेल्या १० मिनिटांत आपण दुसऱ्या पेशंटकडे जातो, हेच मशीनचं खरं आकर्षण आहे. मधुमेही पेशंटला शेक देण्याआधी एका परीक्षानळीत गरम आणि एकीत गार पाणी घेऊन त्वचेला फरक कळतो का ते बघा. दर पाच मिनिटांनी पिशवी उचलून कातडी बघा. बधिर कातडीवर आलेला फोड हा पेशंटच्या "सहन होतंय" मुळे आलेला नसतो, तो आपण न तपासल्यामुळे आलेला असतो.

मग हाताचं काम. मेटलंडच्या चार ग्रेड लक्षात ठेवायला सोप्या आहेत. पहिली : हालचालीच्या सुरुवातीला छोटे झोके. दुसरी : मोठे झोके, पण अडथळ्याला न शिवता. तिसरी : मोठे झोके, अडथळ्यात शिरून. चौथी : शेवटाला, अडथळ्यातच, छोटे झोके. दुखणं पुढे असेल तर पहिल्या दोन, ताठरपणा पुढे असेल तर शेवटच्या दोन. काकूंचा खांदा मध्यम चिडका, म्हणून आज दुसरीने सुरुवात, शेवटी तिसरीला हलकेच हात.

दिशा कोणती? बाहेर फिरवणं वाढवायला दंडाच्या हाडाचं डोकं पुढे सरकवावं असं कॉन्व्हेक्स-कॉन्केव्ह नियम (सांध्याच्या गोल आणि खोलगट बाजू कशा सरकतात याचा) सांगतो. पण २००७ मध्ये आलेल्या एका छोट्या तुलनेत फ्रोझन शोल्डरमध्ये मागे सरकवल्याने बाहेर फिरवणं जास्त वाढलं. तेव्हा नियमाशी भांडत बसू नका. हात थोडा बाजूला, टेबलावर आधार देऊन, दंडाचं डोकं मागच्या दिशेने मिनिटभर झोके द्या, थांबा, आणि पुन्हा गोनिओमीटर लावा. १५ चे २२ झाले? तर हे तंत्र आज चालतंय, अजून दोनदा. १५ च राहिले? दिशा किंवा ग्रेड बदला. आणि एका वेळी एकच गोष्ट. शेक, झोके, टेपिंग आणि सुया एकदम केल्यात तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

घरचा व्यायाम दोन किंवा तीनच. दहा व्यायामांचा छापील कागद फ्रिजवर चिकटतो आणि तिथेच राहतो. काकूंना : उताणं झोपून लाटणं दोन्ही हातांत आडवं धरायचं, चांगल्या हाताने ढकलून डावा हात बाहेर न्यायचा, ५ सेकंद, १० वेळा, दिवसातून तीनदा. दुसरा, टेबलावर हात ठेवून पुढे घसरवणं. ताण जाणवू द्या, कळ नको, आणि दुखलं तर अर्ध्या तासात शमलं पाहिजे. झोपताना डाव्या हाताखाली उशी. दुखणं फारच जास्त असेल तर डॉक्टरांकडून सांध्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन हा सुरुवातीच्या काळात चांगला पर्याय आहे. मधुमेहात त्यानंतर काही दिवस साखर वाढते, म्हणून त्यांच्या डॉक्टरांना कळवून.

टेंडन, लिगामेंट, टाच : थोडक्यात

कॅप्सूलला ताण लागतो, टेंडनला भार. टेनिस एल्बो आपल्याकडे टेनिसपेक्षा धुणं पिळून आणि स्क्रू पिळून जास्त होतो. चहाचा कप उचलताना कोपराच्या बाहेर कळ, मनगट वर उचलायला विरोध केला की दुखणं. आधी मनगट न हलवता विरोध, मग अर्धा लिटरची पाण्याची बाटली हातात धरून मनगट सावकाश खाली सोडणं. व्यायाम करताना दहापैकी चारपर्यंत दुखलं तरी चालेल, सकाळपर्यंत पूर्ववत व्हायला हवं. इथे स्टेरॉइडच्या इंजेक्शनने महिनाभर मस्त वाटतं आणि वर्षभराने न घेतलेल्यांपेक्षा वाईट हाल असतात, हे चांगल्या चाचण्यांत दिसलंय. खांद्याचं शहाणपण कोपराला लावू नका.

मुरगळलेला घोटा पहिल्या दोन-तीन दिवसांत चोळू नये. घरची मंडळी आणि हाडवैद नेमकं तेच करतात. पट्टी, पाय उंच, आणि सोसेल तितकं लवकर पाऊल टाकणं. सूज उतरल्यावर मात्र खरं काम सुरू होतं आणि तेव्हाच पेशंट गायब होतो. दात घासताना एका पायावर उभं राहायला सांगा, नाहीतर तोच घोटा पुन्हा मुरगळतो.

सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना टाचेत सुई टोचते असं सांगितलं की निदान जवळजवळ झालंच : प्लांटर फॅशिआयटिस, तळपायाखालच्या पट्ट्याचं दुखणं. उठण्याआधी हाताने पायाची बोटं नडगीकडे ओढून ताण, पोटरीचा ताण, आणि पुढे बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून पायरीवर टाचा उचलणं, सावकाश, एक दिवसाआड.

पायरी ९ : दुसरी भेट

"कसं वाटतंय?" हा वाईट प्रश्न आहे. लोक भिडेखातर "बरंय" म्हणतात. त्याऐवजी गोल केलेलं काम विचारा : वेणीचं काय झालं? रात्री किती वेळा जाग आली? आणि बोलायच्या आधी गोनिओमीटर, त्याच टेबलावर, तोच टॉवेल कोपराखाली घेऊन. व्यायाम करून दाखवा म्हणा. दहातले सात जण भलतंच काहीतरी करत असतात, आणि ती चूक सांगण्यातली असते. काकू लाटणं उभ्याने फिरवत होत्या, कोपर अंगापासून सुटलेलं, म्हणजे सगळी हालचाल पाठीतून.

तीन-चार भेटींत आकडाही हलला नाही आणि काम पण नाही, तर पायरी १ ला परत. पायरी २ चे प्रश्न पुन्हा विचारा. ताप पहिल्या दिवशी नसेल, आता असेल. तरीही सुटत नसेल तर चिठ्ठी लिहून पाठवा. चिठ्ठीत "खांदा दुखतो, कृपया बघावे" लिहू नका. असं लिहा : "४ महिने, पॅसिव्ह बाहेर फिरवणं १५ अंश, ४ भेटींनंतर १८; रात्रीचं दुखणं वाढतंय; पडण्याचा इतिहास नाही; मान तपासली, ठीक; दोन बाजूंनी एक्स-रे आणि एचबीए१सी व्हावं असं वाटतं." (एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी.) अशी चिठ्ठी वाचणारे ऑर्थोपेडिक सर्जन पुढच्या वेळी तुम्हाला स्वतः फोन करतात.

आपल्या काकूंना चिठ्ठी लागली नाही. सहाव्या आठवड्यात डावा ३८ अंश होता. वेणी अजून मुलगीच घालत होती, पण अंबाडा त्यांचा त्यांना जमायला लागला होता. केस शीटवर मी तेच लिहिलं.